कुलमुखत्यारीची सवय : ‘ॲडमिन म्हणून चालवून पाहा’ या सल्ल्याचा इतिहास

१/ डेव्हलपरच्या संगणकावर एखादी स्क्रिप्ट अडली की शेजारच्या खुर्चीवरून येणारा सल्ला ठरलेला असतो : “ॲडमिन म्हणून चालवून पाहा.” लिनक्स असेल तर, “आधी सुडो लाव.” स्क्रिप्ट चालते, सल्ला देणारा जाणकार ठरतो आणि ती मुळात का अडली होती, हा प्रश्न कायमचा पुरला जातो. या दीर्घ धाग्यात मला त्या सल्ल्याविरुद्ध बोलायचे आहे.

२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यात का पडावे? कारण या सल्ल्याचा खरा आधार तांत्रिक नाही, तो परंपरेचा आहे. “सगळे असेच करतात, पूर्वीपासून असेच चालत आले आहे.” आता ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ असे कोणी म्हटले की ‘कधीपासून, कोणामुळे आणि कोणाच्या सोयीसाठी’ हे विचारणे आमचे कामच आहे. विचारून पाहिले तर परंपरेची साक्ष नेमकी उलटी निघते.

३/ आधी एक शब्द पक्का करू. आपल्याकडे मुखत्यारपत्र दोन प्रकारचे असते. खासमुखत्यारपत्र एका ठरावीक कामापुरते. कुलमुखत्यारपत्र सर्व व्यवहारांसाठी. वीजबिल भरायला पाठवलेल्या माणसाला कोणी कुलमुखत्यारपत्र लिहून देत नाही. ॲडमिन किंवा रूट म्हणून स्क्रिप्ट चालवणे म्हणजे नेमके तेच. शिवाय मुखत्यार येथे आपल्या ओळखीचाही नसतो. स्क्रिप्ट कोणी तरी कुठे तरी लिहिलेली असते; आपण फक्त सही करतो.

४/ सुरुवात १९६१ पासून करू. त्या वर्षी एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची ही पद्धत. यंत्र एका वेळी एकाच्याच ताब्यात असे, तोवर अधिकारांचा प्रश्न फारसा नव्हता. यंत्र सामाईक झाले आणि ‘कोणी काय करावे’ हा प्रश्न जन्माला आला. अधिकारांची विभागणी ही कुणा संशयी व्यवस्थापकाची खोड नव्हे. एकत्र नांदण्याची ती पहिली अट होती.

५/ याच सीटीएसएसवर १९६६ मध्ये एक प्रसंग घडला. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डांची यादी उमटू लागली. कारण क्षुल्लक होते. व्यवस्थेचे काम पाहणाऱ्या दोघांनी एकाच वेळी, एकाच विशेषाधिकारी डिरेक्टरीत संपादन केले. संपादकाची तात्पुरती फाइल दोघांसाठी एकाच नावाची होती. दोन फाइलींची अदलाबदल झाली.

६/ कॉर्बातोंनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही हकीकत सांगितली. तीत कोणी हल्लेखोर नाही, कोणाचा वाईट हेतू नाही. दोन सज्जन आपले रोजचे काम करत होते. फक्त ते काम जिथे चुकीला जागाच असायला नको अशा ठिकाणी चालले होते. “मी काय मुद्दाम नुकसान करणार आहे का?” असे विचारणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. अधिकाराचे नियम दुष्टांच्या आधी सज्जनांच्या चुकांसाठी असतात.

७/ हे सूत्ररूपाने मांडले गेले १९७५ साली. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक प्रदीर्घ निबंध लिहिला आणि त्यात आठ तत्त्वे दिली. त्यांतील एक न्यूनतम अधिकाराचे : हातातल्या कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा. त्याचे समर्थन करताना त्यांनी अपघात आणि चूक यांनाच अग्रक्रम दिला. म्हणजे हे तत्त्व आज पन्नाशी ओलांडून गेले आहे. “हे नवे सुरक्षेचे फॅड आहे” असे म्हणणाऱ्यांनी आपले कालमापन तपासावे.

८/ मग परंपरा बिघडली कुठे? १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. मल्टिक्स या अवाढव्य प्रकल्पातून बेल लॅब्ज नुकतीच बाहेर पडली होती. युनिक्स हे त्याच्या तुलनेत लहान आणि सुटसुटीत. सुटसुटीतपणाचा एक भाग असा की, शून्य क्रमांकाचा वापरकर्ता, म्हणजे रूट, सर्व तपासण्यांच्या पलीकडे. मोजक्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेत हे खपून जात होते. पुढे तीच रचना जगभर गेली. प्रयोगशाळेतला परस्परविश्वास काही तिच्यासोबत गेला नाही.

९/ तरीही रिचींना धोका दिसत होता. पासवर्ड बदलायला प्रत्येकाला रूट करायचे का? त्यांनी उपाय शोधला : सेटयूआयडी. वापरकर्ता सामान्यच राहतो. फक्त तो एक तपासलेला प्रोग्राम चालताना आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतो. यासाठी १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मिळाले. ही खासमुखत्यारी होती. युनिक्सच्या कर्त्यांनाच कुलमुखत्यारी पुरेशी वाटत नव्हती, हा तपशील ‘सुडो लाव’ म्हणणाऱ्यांना ठाऊक असावा.

१०/ आणि खुद्द सुडो? १९८० च्या सुमारास बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ते लिहिले. कल्पना अशी की रूटचा पासवर्ड वाटत सुटण्याऐवजी एका फाइलीत नोंद ठेवावी : अमुक व्यक्तीला अमुक आज्ञा चालवण्याची मुभा. शिवाय प्रत्येक वापराची नोंद राहावी. सुडो जन्माला आले ते अधिकार मोजून देण्यासाठी. आज बहुतेक डेव्हलपरांच्या यंत्रावर त्या फाइलीतली मुभा एकाच शब्दात असते : ‘ऑल’. तराजू आणला आणि त्याच्या पाठीवर पोती उचलायला लागलो, असा हा प्रकार.

११/ पहिल्यांदा वापरताना सुडो एक छोटे प्रवचन देते : दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखा, टंकण्यापूर्वी विचार करा, मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते. लोक ते वाचून हसतात आणि एंटर दाबतात. त्यातले मधले वाक्य सर्वांत व्यावहारिक आहे. पुढच्या दोन कथा त्याच वाक्याच्या आहेत, आणि दोन्हींत खलनायक आहे एक रिकामी जागा. अक्षरशः एक स्पेस.

१२/ नोव्हेंबर २००१. ॲपलने मॅक ओएस टेनसाठी आयट्यून्स २.० दिले. त्याच्या इन्स्टॉलरमधल्या स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हच्या नावातल्या स्पेसचा विचार नव्हता. ज्यांच्या ड्राइव्हचे नाव एकाहून अधिक शब्दांचे होते, त्यांच्यापैकी काहींच्या डिस्कवरचा मजकूर पुसला गेला. ॲपलला तो इन्स्टॉलर तातडीने मागे घेऊन सुधारित आवृत्ती द्यावी लागली. गाणी ऐकण्याच्या प्रोग्रामला डिस्क पुसण्याचे सामर्थ्य कुठून आले? इन्स्टॉल करताना लोकांनी दिलेल्या प्रशासकीय पासवर्डातून.

१३/ २०११. लिनक्स लॅपटॉपवर एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड नीट चालावे म्हणून स्वयंसेवकांनी चालवलेला बंबलबी हा प्रकल्प. इन्स्टॉल स्क्रिप्टला ‘यूएसआर’ या मुख्य डिरेक्टरीच्या पोटातली एक उपडिरेक्टरी काढून टाकायची होती. लिहिताना ‘यूएसआर’ नंतर एक स्पेस पडली. आज्ञेचा अर्थ बदलला : आता ती आख्खी ‘यूएसआर’ पुसा असे सांगत होती. स्क्रिप्ट रूट म्हणून चालत असल्याने यंत्राने मुकाट्याने तसे केले.

१४/ तीच चूक सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने झाली असती तर? पडद्यावर ‘परवानगी नाकारली’ असे उमटले असते आणि लेखकाने कपाळावर हात मारून स्पेस काढली असती. ‘परवानगी नाकारली’ हा अडथळा नाही, ती माहिती आहे. तू म्हणतोस त्या कामापलीकडचे काही तरी ही स्क्रिप्ट करू पाहते आहे, असे यंत्र सांगत असते. ॲडमिन म्हणून चालवणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात बोळा कोंबणे.

१५/ “पण मी जे चालवतो ती नावाजलेली साधने असतात.” असू देत. १९८८ मध्ये नॉर्म हार्डी यांनी टायमशेअर या कंपनीतला अनुभव लिहिला. तिथल्या कंपायलरला आकडेवारी नोंदवण्यासाठी व्यवस्थेच्या डिरेक्टरीत लिहिण्याचा विशेषाधिकार दिला होता. त्याच डिरेक्टरीत ग्राहकांच्या बिलांची फाइल होती. एका वापरकर्त्याने डिबगची माहिती कुठे लिहायची या प्रश्नाच्या उत्तरात त्या बिलांच्या फाइलीचेच नाव दिले. कंपायलरने आपल्या अधिकाराने ती पुसून वर लिहिले.

१६/ कंपायलर बदमाश नव्हता. त्याच्या हाती दोघांचे अधिकार होते, मालकाचा आणि वापरकर्त्याचा. कोणता कधी वापरायचा हे त्याला सांगता येत नव्हते. हार्डींनी त्याला जे नाव दिले त्याचे मराठी ‘गोंधळलेला मुखत्यार’ असे होईल. आपण बिल्ड टूल, पॅकेज मॅनेजर किंवा संपादक ॲडमिन म्हणून उघडतो, तेव्हा असेच मुखत्यार नेमत असतो. तो प्रामाणिक असतो, सर्वाधिकारी असतो आणि त्याला संदर्भ मुळीच नसतो.

१७/ अगदी अलीकडचे आणि याच विषयाचे उदाहरण : फेब्रुवारी २०१८, एनपीएम ५.७.०. साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून सुडो लावून एनपीएम चालवले की काही यंत्रांवर ‘ईटीसी’, ‘यूएसआर’ यांसारख्या व्यवस्थेच्या डिरेक्टरींची मालकीच बदलत असे. यंत्रे निकामी झाली, ५.७.१ घाईने आली. दोष साधनाचा होताच. पण सुडोविना चालवणाऱ्यांच्या यंत्रात त्या डिरेक्टरींना धक्का लागलाच नाही. एकच दोष, दोन सवयी, दोन परिणाम.

१८/ आता सर्वांत लाडका बचाव : “हे फक्त डेव्हलपमेंटपुरते आहे. माझेच यंत्र, माझीच जोखीम.” माझा मुख्य आक्षेप इथे आहे. डेव्हलपरचा अधिकार त्याच्या यंत्रावर थांबत नाही. तो त्याच्या निर्मितीत झिरपतो आणि शेवटी ज्यांनी कधी कोडची एक ओळही पाहिलेली नाही अशा लोकांच्या घरात पोहोचतो. याचा पुरावा विंडोजच्या इतिहासात जवळपास प्रयोगशाळेइतका स्वच्छ मिळतो.

१९/ विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अधिकारांची खरी विभागणी नव्हती. १९९३ पासूनच्या एनटीमध्ये ती होती. २००१ मध्ये एक्सपीने दोन्ही प्रवाह एकत्र आणले. पण घरगुती यंत्रावर सुरुवातीला तयार होणारे खाते ॲडमिनचेच. डेव्हलपरही ॲडमिन म्हणूनच लिहीत, तपासत आणि विकत. आपला प्रोग्राम स्वतःच्या सेटिंग्ज ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहितो हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. त्यांच्या यंत्रावर काहीच अडत नव्हते ना!

२०/ परिणाम काय झाला? सामान्य खात्यातून साधा हिशेबाचा प्रोग्राम किंवा मुलांचा खेळ चालेना. मग शाळेत, दुकानात, घरात सर्वांना ॲडमिन करण्यात आले. ज्याने कधी स्क्रिप्ट हा शब्द ऐकला नव्हता तो दुकानदारही कुलमुखत्यारी देऊन बसला आणि त्याच्या यंत्रात शिरलेल्या प्रत्येक व्हायरसला ती वारशाने मिळाली. डेव्हलपरची ‘माझीच जोखीम’ ती हीच. तिची भरपाई मात्र दुसऱ्यांनी केली.

२१/ व्हिस्टा आले, २००६ च्या अखेरीस कंपन्यांकडे आणि जानेवारी २००७ मध्ये सर्वांकडे. त्यातली यूएसी, म्हणजे ‘परवानगी द्यायची का’ असे विचारणारी खिडकी, सर्वांच्या शिव्यांची धनी झाली. शिव्या चुकीच्या दाराशी गेल्या. अनावश्यक अधिकार मागणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांमुळे ती खिडकी वारंवार उघडत होती. मायक्रोसॉफ्टच्या एका व्यवस्थापकाने २००८ मध्ये जाहीरपणे सांगितले की लोकांना त्रास व्हावा हा हेतूच होता; त्या त्रासाने प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी सुधारावे अशी अपेक्षा होती.

२२/ आणि जुने प्रोग्राम चालावेत म्हणून व्हिस्टाला सोंग घ्यावे लागले. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू लागला की ते लेखन गुपचूप वापरकर्त्याच्या वेगळ्या कोपऱ्यात वळवायचे आणि प्रोग्रामला मात्र सर्व आलबेल असल्याचे भासवायचे. फाइलीच्या नावात ‘सेटअप’ किंवा ‘इन्स्टॉल’ दिसले तर तिला अधिकार लागणार असा अंदाज बांधायचा. एका पिढीच्या डेव्हलपरांची सवय झाकण्यासाठी कार्यप्रणालीत कायमचे बांधकाम करावे लागले. याला ‘डेव्हलपमेंटपुरते’ म्हणायचे?

२३/ ‘डेव्हलपमेंटपुरते’ या शब्दाचा आणखी एक पुरावा २ नोव्हेंबर १९८८ चा आहे. त्या दिवशी पसरलेल्या मॉरिस वर्मने वापरलेल्या वाटांपैकी एक होती सेंडमेल या प्रोग्राममधली डिबगची सोय. तपासणीसाठी ठेवलेली ही खिडकी अनेक ठिकाणी प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रांवरही उघडीच राहिली होती. सोयीसाठी तात्पुरते उघडलेले दार बंद करण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसले, की ते उघडेच राहते.

२४/ प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आता घेतो. “आजच्या चोराला रूट लागतच नाही. माझ्या किल्ल्या, टोकन, पासवर्ड सगळे माझ्याच होम डिरेक्टरीत आहे.” हे खरे आहे. जुलै २०१८ मध्ये ईएसलिंट-स्कोप या पॅकेजची विषारी आवृत्ती प्रसिद्ध झाली. इन्स्टॉल होताच ती एनपीएमची टोकने पळवत असे. त्यासाठी तिला ॲडमिनची गरज नव्हती.

२५/ पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? दिवाणखान्यात चोरी होऊ शकते म्हणून तिजोरीची किल्लीही दारात टांगावी, असा? न्यूनतम अधिकाराचे तत्त्व सुडोपाशी संपत नाही, एवढाच अर्थ यातून निघतो. अनोळखी कोड वेगळ्या खात्यात किंवा कंटेनरमध्ये चालवा, टोकनांना मर्यादा आणि मुदत घाला. कंटेनरही आपोआप पवित्र होत नाही : डॉकरच्या गटात खाते घालणे हे व्यवहारात रूट देण्यासारखेच आहे, हे डॉकरचे अधिकृत दस्तऐवजच बजावतात.

२६/ आता न्यायाची दुसरी बाजू. सॉल्टझर आणि श्रोडर यांच्या यादीतले शेवटचे तत्त्व सोयीचे विसरले जाते : संरक्षण वापरायला इतके सोपे असावे की माणूस ते सहज आणि नीट वापरेल. अधिकार काढून घ्यायचे, पर्याय द्यायचा नाही आणि एका पोर्टसाठी तीन दिवस तिकीट लटकत ठेवायचे, ही सुरक्षा नव्हे. अशा ठिकाणी लोक आडवाट शोधणारच. दोष मग एकट्या डेव्हलपरचा नाही.

२७/ कारण पर्याय आहेत, आणि तेही जुने. पायथनमध्ये २०१२ पासून व्हेन्व्ह अंगभूत आहे. होमब्रू तर रूट म्हणून चालण्यास नकारच देते. १०२४ खालच्या पोर्टला रूट लागणे हा बीएसडीच्या काळातला वारसा. लोकल कामाला ३००० किंवा ८०८० पुरतो, आणि लिनक्समध्ये २०१७ पासून ती सीमाच खाली आणता येते. विंडोजवर सिमलिंकसाठी लागणारे ॲडमिनपण विंडोज १० च्या डेव्हलपर मोडने त्याच वर्षी अनावश्यक केले.

२८/ म्हणून माझे म्हणणे तीन वाक्यांत. अधिकार लागलाच, तर तो एका आज्ञेपुरता मागा. आख्खे टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडून दिवसभर बसू नका. रीडमीमध्ये ‘सुडो’ लिहिणाऱ्याने तो कशासाठी हे पुढच्याच ओळीत लिहावे. लिहिता येत नसेल तर तो काढावा. आणि आपण बनवतो ते सामान्य खात्यातून तपासल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये.

२९/ २०२४ मध्ये विंडोज ११ मध्येही ‘सुडो’ आले, आणि त्याचा खटका तेव्हा सेटिंग्जमधल्या डेव्हलपरांच्या पानावर होता. नाव पोहोचले, त्यामागचा हिशेब पोहोचायचा आहे. तो पोहोचवण्याचे काम आपल्यातल्या ज्येष्ठांचे आहे, कारण नवखा माणूस शेजारच्या खुर्चीचेच ऐकतो. पुढच्या वेळी तो “चालत नाहीये” म्हणाला की “ॲडमिन म्हणून चालव” म्हणू नका. “परवानगी कशाची नाकारली आहे, ते वाच” म्हणा.